कॅमेरा कोणाच्या छावणीत?

बंगळूरहून तुमकूरकडे जाणाऱ्या महामार्गावर, दाबसपेठच्या जवळ, निजगल नावाचा डोंगरी किल्ला आहे. १७७० साली या किल्ल्यापुढे खुद्द माधवराव पेशव्यांची छावणी पडली होती. म्हैसूरच्या हैदर अलीचा किल्लेदार सरदारखान याने किल्ला असा नेटाने लढवला की मराठ्यांना माघार घ्यावी लागली आणि पेशव्यांचे धाकटे बंधू नारायणराव जखमी झाले. अखेर मराठ्यांच्या मदतीला आलेल्या चित्रदुर्गच्या नायकाच्या लोकांनी तट चढून किल्ला घेतला. पुढचा प्रसंग म्हैसूरचा इतिहास लिहिणाऱ्या कर्नल मार्क विल्क्सने नोंदवला आहे. इतक्या प्रतिकाराने संतापलेल्या पेशव्यांनी हाती सापडलेल्या शिबंदीचे नाक-कान कापण्याचा हुकूम दिला. सरदारखानाला समोर आणले, तेव्हा त्याने एवढेच विचारले की व्यंग माझ्या वाट्याला येईल, पण बेअब्रू कोणाची होईल? पेशवे वरमले आणि त्यांनी त्याला न दुखवता सोडून दिले.

विल्क्स हा ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी. त्याची स्वतःची एक बाजू होतीच. तरीही ‘स्वामी’ ही कादंबरी वाचून माधवरावांवर जीव लावलेल्या मराठी वाचकाला हा प्रसंग अस्वस्थ करतो. आपल्या मनातला माधवराव म्हणजे तापाने फणफणलेला, कर्तव्यकठोर, पत्नी रमाबाईंच्या सहवासासाठी आसुसलेला तरुण पेशवा. निजगलच्या तटावरून खाली पाहणाऱ्या सैनिकाला दिसलेला माधवराव मात्र वेगळा होता. माणूस एकच, पण पाहणारे दोन. ऐतिहासिक कादंबरी आणि तिच्यावरून होणारी दूरदर्शन मालिका समजून घ्यायची, तर हे पाहणे कोणाचे आहे, इथूनच सुरुवात करावी लागते.

एक मुलूख, दोन कादंबऱ्या

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठे आणि म्हैसूर यांच्यात जो संघर्ष झाला, त्यावर दोन लोकप्रिय कादंबऱ्या आल्या. पुढे दोन्हींच्या मालिका झाल्या आणि त्या घराघरांत पोचल्या. गंमत म्हणजे दोन्हींतले नायक परस्परविरोधी छावण्यांतले आहेत.

पहिली अर्थात रणजित देसाई यांची ‘स्वामी’. ती १९६२ साली प्रसिद्ध झाली आणि १९६४ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. देसाई कोल्हापूर जिल्ह्यातल्या कोवाडचे; तिथून कर्नाटकची हद्द हाकेच्या अंतरावर. त्यांच्या नायकाचाही कर्नाटकाशी जन्माचा संबंध होता. माधवरावांचा जन्म १७४५ साली सावनूरचा. पानिपतच्या आघातानंतर, १७६१ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी ते पेशवे झाले आणि १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरच्या चिंतामणीच्या सान्निध्यात राजयक्ष्म्याने गेले. या अकरा वर्षांत त्यांनी कर्नाटकावर वारंवार स्वाऱ्या केल्या. १७६४ साली रट्टीहळ्ळीजवळ हैदरचा पराभव झाला. १७६७ साली मधुगिरी घेऊन तिथे कैदेत असलेल्या बिदनूरच्या राणीची त्यांनी सुटका केली. शेवटच्या मोठ्या मोहिमेत निजगल पडले, पण तब्येत ढासळल्यामुळे त्यांना परत फिरावे लागले. मोहिमेची सूत्रे त्र्यंबकराव पेठे यांच्याकडे आली.

दुसरी कादंबरी भगवान गिडवानी यांची, टिपू सुलतानाच्या तलवारीच्या नावाने १९७६ साली इंग्रजीत आलेली. गिडवानी सिंधी, भारत सरकारच्या नागरी विमान वाहतूक क्षेत्रात त्यांनी मोठ्या पदांवर काम केले आणि पुढे ते कॅनडात स्थायिक झाले. त्यांचा टिपू हा इंग्रजांपुढे न झुकणारा, काळाच्या पुढचे पाहणारा राजा आहे. साहजिकच या कथेत मराठे आणि निजाम हे बहुतेक वेळा इंग्रजांच्या बाजूचे किंवा वाट अडवणारे शेजारी म्हणून येतात. टिपूचा जन्म १७५० सालचा, बंगळूरजवळच्या देवनहळ्ळीचा. आज बंगळूरचा विमानतळ आहे, त्याच परिसरातला. बंगळूरच्या जुन्या किल्ल्याजवळचा त्याचा लाकडी उन्हाळी महाल आजही उभा आहे आणि सहली तिथे रोज येतात. पण सहलीतल्या बहुतेकांच्या मनातला टिपू हा शाळेच्या पुस्तकाइतकाच मालिकेतूनही आलेला असतो.

पडद्यावर येताना

‘स्वामी’ मालिका १९८० च्या दशकात मुंबई दूरदर्शनवर आली. दिग्दर्शक होते गजानन जागीरदार. माधवरावांच्या भूमिकेत रवींद्र मंकणी आणि रमाबाईंच्या भूमिकेत मृणाल देव, म्हणजे आजच्या मृणाल कुलकर्णी. त्या वेळी घरात एकच वाहिनी दिसायची. त्यामुळे ज्यांनी कादंबरी वाचली होती त्यांनीही आणि जे कधी वाचणार नव्हते त्यांनीही माधवरावांचा एकच चेहरा मनात साठवला. आजही त्या पिढीला माधवराव म्हटले की मंकणी आठवतात.

या मालिकेत घोडदळाच्या मोठ्या लढाया दाखवण्याची ऐपत दूरदर्शनला नव्हती. पण मर्यादेचा फायदा झाला, कारण ‘स्वामी’ कादंबरीचा गाभाच मुळी रणांगणावर नाही. तो शनिवारवाड्यातल्या दालनांत आहे: राघोबादादांशी चाललेल्या काका-पुतण्याच्या तणावात, रामशास्त्र्यांच्या स्पष्टवक्तेपणात, रमाबाईंच्या मूक वाट पाहण्यात. कादंबरी संपते ती लढाईने नाही. थेऊरला माधवरावांच्या मृत्यूने आणि रमाबाईंच्या सहगमनाने. छोट्या पडद्याला अशी बंदिस्त, बोलकी दालने फार मानवतात.

टिपूच्या मालिकेचे उलट होते. संजय खान आणि अकबर खान यांनी ती भव्य प्रमाणावर काढायचे ठरवले. टिपूची भूमिका स्वतः संजय खान यांची, संगीत नौशाद यांचे. म्हैसूरच्या प्रीमियर स्टुडिओत चित्रीकरण चालू असताना ८ फेब्रुवारी १९८९ रोजी भीषण आग लागली. पन्नासहून अधिक माणसे मरण पावली. त्यांत कलाकारांबरोबर पडद्यामागे राबणारे कितीतरी होते. संजय खान स्वतः गंभीर भाजले आणि त्यांच्यावर असंख्य शस्त्रक्रिया झाल्या. भारतीय दूरदर्शनच्या इतिहासातली ही सर्वांत मोठ्या दुर्घटनांपैकी एक. मालिका अखेर १९९० साली राष्ट्रीय वाहिनीवर सुरू झाली आणि अफाट लोकप्रिय झाली.

तिच्यावर वादही झाला. टिपूच्या मोहिमांमध्ये मलबारात आणि कोडगूत लोकांनी जे सोसले, १७८४ साली मंगळूरच्या ख्रिस्ती कुटुंबांना ज्या बंदिवासात नेले, त्याची आठवण त्या त्या समाजांत पिढ्यान्‌पिढ्या टिकून आहे. हा इतिहास झाकला जातो, असा आक्षेप घेतला गेला आणि प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. शेवटी ही मालिका म्हणजे इतिहास नव्हे, कल्पित कादंबरीवर आधारलेली कलाकृती आहे, अशी सूचना दाखवून ती प्रक्षेपित झाली. आज प्रत्येक ऐतिहासिक मालिकेच्या सुरुवातीला अशी पाटी येते आणि आपण ती न वाचताच पुढे पाहतो.

जपानकडून शिकण्यासारखे

कादंबरी कोणाच्या नजरेने दाखवायची, या प्रश्नाचे जगातले सर्वांत बोलके उदाहरण ‘शोगुन’ आहे, कारण तिथे एकाच कादंबरीची मालिका दोनदा झाली.

जेम्स क्लॅव्हेल यांनी ही कादंबरी १९७५ साली लिहिली. दुसऱ्या महायुद्धात ते जपान्यांचे युद्धकैदी होते. सिंगापूरच्या चांगी तुरुंगात त्यांनी हालअपेष्टा भोगल्या होत्या. ज्यांच्या कैदेत होते, त्यांच्याच देशावर त्यांनी पुढे इतक्या आस्थेने लिहिले, हे विशेष. कथेला पाया खरा आहे. १६०० साली लीफ्डे हे डच जहाज जपानच्या किनाऱ्याला लागले. त्यावर विल्यम ॲडम्स हा इंग्रज खलाशी होता. तो सरदार तोकुगावा इएयासु याच्या विश्वासातला झाला, पण मायदेशी परत कधीच गेला नाही. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये सेकिगाहाराची लढाई झाली आणि इएयासु जिंकला. १६०३ मध्ये तो शोगुन झाला. पुढे अडीच शतके सत्ता त्याच्या घराण्याकडे राहिली.

क्लॅव्हेल यांनी एक महत्त्वाचे काम केले. त्यांनी नावे बदलली. ॲडम्सचा ब्लॅकथॉर्न झाला, इएयासुचा तोरानागा झाला, होसोकावा ग्रासिया या ख्रिस्ती सरदारपत्नीवरून मारिको उभी राहिली. नावे बदलल्याने लेखकाला मोकळीक मिळाली आणि वाचकालाही आपण कादंबरी वाचत आहोत याचे भान राहिले. देसाई आणि गिडवानी यांनी खरी नावे ठेवली. मराठीतली आणि एकंदर भारतातली ऐतिहासिक कादंबरीची रीतच तशी आहे. त्यामुळे आपल्याकडे कादंबरीतला संवाद इतिहासातले वचन म्हणून भाषणांत उद्धृत होतो. कल्पित प्रसंगावर वाद पेटतात. सूचनेची पाटी लावावी लागते ती याचसाठी.

१९८० साली अमेरिकेच्या एनबीसी वाहिनीवर ‘शोगुन’ पाच रात्री दाखवली गेली. रिचर्ड चेंबरलेन ब्लॅकथॉर्न झाले, तोशिरो मिफुने तोरानागा आणि योको शिमादा मारिको. चित्रीकरण जपानमध्येच झाले. पण बहुतेक जपानी संवादांना खाली भाषांतर दिले नव्हते. ब्लॅकथॉर्नला जे कळत नाही, ते प्रेक्षकालाही कळू नये, हा हेतू. कल्पना चतुर होती. परिणाम मात्र असा झाला की जपानी माणसे पडद्यावर वावरत राहिली, पण त्यांच्या मनात काय चालले आहे ते बाहेरून आलेल्या खलाशाच्या मार्फतच कळत राहिले.

२०२४ साली तीच कादंबरी एफएक्सने दहा भागांत पुन्हा केली. या वेळी संवादांचा मोठा हिस्सा जपानी भाषेत होता आणि खाली अनुवाद होता. तोरानागाची भूमिका करणारे हिरोयुकी सानादा निर्मातेही होते. वेशभूषा, चालणे, बसणे, तलवार धरणे यांत चूक राहू नये म्हणून जपानी जाणकार सेटवर बसवले गेले. संहिता आधी इंग्रजीत, मग तिचा जपानी अनुवाद, मग त्या अनुवादाला त्या काळच्या दरबारी भाषेचे वळण आणि शेवटी पडद्यावरच्या ओळींसाठी पुन्हा इंग्रजी, इतक्या टप्प्यांतून मजकूर जायचा. आता ब्लॅकथॉर्नच्या पाठीमागे सरदार काय बोलतात, ते प्रेक्षकाला कळू लागले. कथा एका पाहुण्याची उरली नाही. तोरानागाच्या सावध खेळींची आणि मारिकोच्या निर्धाराची झाली. मारिकोच्या भूमिकेसाठी ॲना सावाई आणि तोरानागासाठी सानादा यांना एमी पुरस्कार मिळाले. मालिकेला एकूण १८. एका वर्षात एका मालिकेला इतके एमी आधी कधी मिळाले नव्हते.

कादंबरी तीच, घटना त्याच. बदलली ती फक्त कोणाच्या छावणीतून पाहायचे ही जागा. तेवढ्याने अर्थ बदलला. सेकिगाहाराची लढाई तर दोन्ही वेळा जवळजवळ पडद्याबाहेरच राहिली, जशी ती क्लॅव्हेल यांच्या पुस्तकात शेवटी थोडक्यात उरकली आहे. ‘स्वामी’सारखेच इथेही खरे युद्ध माणसांच्या मनात आहे.

दोन्ही छावण्यांतून पाहिले तर

आता हीच जागा बदलण्याची कसोटी आपल्या इतिहासाला लावून पाहू. मार्च १७७१ मध्ये श्रीरंगपट्टणजवळ चिनकुरळी इथे त्र्यंबकराव पेठ्यांच्या फौजेने हैदरचा दणदणीत पराभव केला. मराठी बखरकार आणि इतिहासकार याला ‘मोती तलावाची लढाई’ म्हणतात. पुण्याच्या बाजूने पाहिले की ही विजयाची गोष्ट आहे. म्हैसूरच्या छावणीतून पाहिले तर? विल्क्स सांगतो की त्या गोंधळाच्या माघारीत, दारूच्या नशेत असलेल्या हैदरने आपल्या वीस वर्षांच्या मुलाला, टिपूला, सर्वांसमोर शिवीगाळ करून छडीने मारले. अपमानित टिपूने तलवार आणि पागोटे फेकून दिले आणि आज मी लढणार नाही अशी शपथ घेतली. एका लढाईत मराठ्यांचा जयघोष आणि एका मुलाची मानहानी दोन्ही घडले. चांगल्या पटकथाकाराला याहून अधिक काय हवे?

मैत्री आणि वैर इथे कायमचे नव्हते, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. ज्या हैदरशी माधवराव आयुष्यभर झुंजले, त्याच्याशीच १७८० साली नाना फडणिसांनी इंग्रजांविरुद्ध हातमिळवणी केली. पुढे १७८५ पासून टिपूशी युद्ध झाले. १७८७ साली गजेंद्रगडला तह झाला. मग १७९१ साली हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन टिपूविरुद्ध इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसच्या मदतीला गेले. त्याआधीच, २१ मार्च १७९१ च्या रात्री, इंग्रजांनी बंगळूरचा किल्ला घेतला होता. किल्लेदार बहादूरखान लढता लढता पडला. मे महिन्यात इंग्रजांची फौज श्रीरंगपट्टणहून उपाशीपोटी माघार घेत असताना मराठ्यांच्या छावणीतला धान्यबाजार तिच्या कामी आला. टिपूच्या बाजूने पाहणाऱ्याला हे खुपणारच.

आणि मराठी वाचकाला जी गोष्ट खुपते, तीही टाळता येत नाही. त्याच मोहिमेत पटवर्धनांच्या फौजेबरोबरच्या लोकांनी शृंगेरीचा मठ लुटला. टिपूने मठाच्या स्वामींना कन्नडमध्ये पत्रे लिहिली, मठातल्या मूर्तीच्या पुनर्स्थापनेसाठी मदत पाठवली. म्हैसूर संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे रा. नरसिंहाचार यांना ही पत्रे १९१६ साली मठात सापडली. मलबार आणि कोडगूत कठोर वागलेला टिपू आणि शृंगेरीच्या स्वामींना आदराने लिहिणारा टिपू एकच होता. थेऊरचा माधवराव आणि निजगलचा माधवराव एकच होता, तसाच.

बंगळूरमध्ये राहिलेल्या गिरीश कार्नाडांनी टिपूवर कन्नडमध्ये नाटक लिहिले, तेव्हा त्याच्या स्वप्नांच्या नोंदींचा आधार घेतला. टिपू खरोखरच स्वतःची स्वप्ने लिहून ठेवत असे. कार्नाडांचा जन्म माथेरानचा, मराठी रंगभूमीशी त्यांचे घट्ट नाते. नायकाला देव्हाऱ्यात न बसवता त्याच्या मनात शिरता येते, हे त्यांनी दाखवून दिले. मालिकांना हे अजून जमलेले नाही.

बंगळूरची न लिहिलेली कादंबरी

मराठी वाहिन्यांवर गेली काही वर्षे ऐतिहासिक मालिकांची रेलचेल आहे. शिवाजी महाराज, संभाजी महाराज, पेशवे यांच्या कथा पुन्हा पुन्हा सांगितल्या जातात. ना. सं. इनामदारांच्या ‘राऊ’वरून २०१५ साली मोठा हिंदी चित्रपट झाला. पण या सगळ्यांत कॅमेरा जवळजवळ नेहमी एकाच छावणीत उभा असतो. समोरची माणसे एक तर क्रूर किंवा मूर्ख. अशा शत्रूवर मिळवलेला विजय मोठा वाटत नाही, हे आपल्या लेखक-निर्मात्यांनी ‘शोगुन’कडून शिकायला हवे.

याची सुरुवात करायला बंगळूरइतकी योग्य जागा नाही. १६३८ साली विजापूरचा सरदार रणदुल्लाखान आणि शहाजीराजे यांनी तिसऱ्या केंपेगौडाकडून हे शहर घेतले. केंपेगौडा मागडीला गेला आणि बंगळूर शहाजीराजांची जहागीर झाले. जिजाऊ आणि बाल शिवाजी काही काळ इथे राहिले. शहाजीराजांचे निधन १६६४ साली होदिगेरे इथे झाले; आज ते गाव दावणगेरे जिल्ह्यात आहे आणि त्यांची समाधी तिथे आहे. त्यांच्या मागे त्यांचे पुत्र एकोजीराजे तंजावरला गेले आणि १६८७ च्या सुमारास बंगळूर म्हैसूरच्या चिक्कदेवराज ओडेयरांच्या हाती आले. तीन लाख रुपयांना, असे सांगितले जाते.

या अर्धशतकाच्या कथेसाठी सामग्री तयार आहे. शहाजीराजांच्या दरबारात जयराम पिंड्ये नावाचा कवी आला होता. त्याचे ‘राधामाधवविलासचंपू’ हे काव्य इतिहासाचार्य राजवाडे यांनी १९२२ साली विस्तृत प्रस्तावनेसह छापले. त्यात त्या दरबाराचे वर्णन आहे आणि निरनिराळ्या भाषांतल्या कवींच्या रचना आहेत. म्हणजे बंगळूरच्या त्या दरबारात मराठी, कन्नड, संस्कृत, फारसी, दखनी सगळे शेजारी शेजारी बसले होते. आदिलशाहीचा सरदार, मराठा जहागीरदार, कन्नड गौडा, विजयनगरच्या काळापासून उरलेले पाळेगार: प्रत्येकाची स्वतःची बाजू, स्वतःची भीती, स्वतःची निष्ठा.

ही कादंबरी मराठीत लिहिली जावी आणि तिची मालिका व्हावी. त्यात कन्नड माणसाने कन्नडच बोलावे, विजापूरच्या खानाने दखनी बोलावी, आणि प्रेक्षकाने खालच्या ओळी वाचाव्यात. जपानी संवाद वाचत वाचत मराठी प्रेक्षकांनीही ‘शोगुन’ पाहिलीच आहे. पुण्या-मुंबईतल्या लेखकांनी आणि बंगळूरमध्ये पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेल्या, दोन्ही भाषा घरात बोलणाऱ्या मराठी लेखकांनी एकत्र बसून हे काम हाती घ्यावे. दोन्ही छावण्यांतली माणसे ज्यांना ओळखता येतात, ते लोक बंगळूरमध्ये आजही आहेत. त्यांच्याशिवाय ही मालिका कोणी चांगली करू शकणार नाही.